कागद आमच्याकडे दे

बारावीचं वर्ष कागदोपत्री कधीही सुरू होवो, गोव्यातल्या मुलांच्या अंगावर ते येतं चतुर्थीनंतर. गणपतीवर बांधलेली फळाफुलांची माटोळी उतरते, आरत्यांनी बसलेले घसे मोकळे होतात, मुंबई-पुण्याहून आलेले काका-काकू परत जातात आणि वर्ग पुन्हा भरतो तेव्हा माझ्यासमोरची मुलं जराशी वेगळी दिसायला लागतात. सुट्टीआधी मागच्या बाकावर कुजबुजत हसणारी मुलं आता फळ्यावरच्या तारखा उतरवून घेत असतात. मी डिचोलीच्या बाजूला उच्च माध्यमिकला रसायनशास्त्र शिकवते. हा बदल कितीतरी वर्षं बघत आले आहे, तरी दर वेळी पोटात कालवतंच.

तारखाच तशा असतात. दिवाळीच्या आगेमागे जेईई मेनचा फॉर्म सुटतो. नरकासुर जाळून पहाटे झोपलेल्या मुलाला उठवून बाबा विचारतात, "आधारवरचं नाव आणि दहावीच्या सर्टिफिकेटवरचं नाव एकच आहे ना रे?" मग सराव परीक्षा. जानेवारीत जेईईचं पहिलं सत्र, त्याच सुमारास जर्नल पूर्ण करून सह्या घ्यायच्या, प्रात्यक्षिकं द्यायची. फेब्रुवारीत गोवा बोर्डाची परीक्षा. नीटचा आणि सीयूईटीचा, म्हणजे केंद्रीय विद्यापीठांच्या प्रवेशपरीक्षेचा, फॉर्म कधी त्याच्या थोडा आधी, कधी नेमका मध्येच. एप्रिलात जेईईचं दुसरं सत्र, मे महिन्यात नीट आणि सीयूईटी. आर्किटेक्चरला जायचं असेल तर नाटा निराळी, बिट्सला जायचं तर बिटसॅट निराळी. २०२२ साली सीयूईटी सुरू झाल्यापासून दिल्लीला बी.ए. करायला निघालेल्या मुलीलाही बारावीच्या टक्क्यांवर भागत नाही. आमच्या स्टाफरूममध्ये पूर्वी ताणाचं बोलणं निघालं की सगळ्यांचं बोट सायन्सच्या वर्गाकडे जायचं. आता तिन्ही शाखांचे शिक्षक त्यात असतात.

हे सगळं आपण अभ्यासाच्या खात्यावर जमा करून टाकतो, आणि माझं म्हणणं असं की घोळ तिथेच होतो. अभ्यास हे एक काम आणि अर्ज हे दुसरं. अभ्यासाला एका जागी निवांत बसलेलं डोकं लागतं. अर्जाला कारकुनी डोकं लागतं: तारीख, शिक्का, सही, फोटोचा आकार, पैसे भरल्याच्या पावतीचा क्रमांक. सतरा वर्षांच्या मुलावर आपण ही दोन्ही कामं एकाच टेबलावर, एकाच रात्री टाकतो आणि ते गांगरलं की त्याला टाइमटेबल करायला सांगतो.

माझी भाची साखळीला राहते. ती बारावीला होती त्या वर्षी डिसेंबरातल्या एका रविवारी ताईचा फोन आला, "जरा येऊन जा गं, पोर धड जेवत नाही." गेले, तर ही माजघरातल्या टेबलाशी बसलेली. पुस्तक उघडं, पण पान उलटत नव्हतं. मला बघून म्हणाली, "मावशी, तकली चलना गो." (आमच्या घरांतून बोलणं कोकणी आणि लिहिणं-वाचणं मराठी, हे गोव्याबाहेरच्या वाचकांसाठी सांगून ठेवते.) डोकं चालत नाही, एवढंच ती पुन्हा पुन्हा सांगत होती. काय झालं म्हणून विचारावं तर सांगण्यासारखं काही नव्हतंच. कोणी रागावलं नव्हतं, कुठला पेपर वाईट गेला नव्हता, मैत्रिणीशी भांडण नव्हतं.

मी तिची वही मागून घेतली. कोपरे दुमडलेली शंभर पानी वही. मागच्या पानावर तिने करायच्या कामांची यादी लिहिली होती. 'रोटेशनल मोशन सगळं'. त्याखाली 'फोटो पांढऱ्या बॅकग्राऊंडवर'. मग 'ऑरगॅनिक रिॲक्शन्स पाठ', 'ओबीसी दाखला, सेंट्रलचा', 'जर्नल, तीन सह्या', 'स्वतःबद्दल २५० शब्द', 'आजीच्या गोळ्या', 'मॅथ्सचे जुने पेपर', 'पुणे की गोवा??' आणि शेवटी 'बाबांचा फोन, ओटीपी'. सगळं एकाच निळ्या शाईत, एकाखाली एक. काही ओळींवर इतक्या वेळा पेन फिरवलेलं की पानाच्या मागच्या बाजूला अक्षरं बोटाला लागत होती. खोडलेली मात्र एकही ओळ नव्हती.

ते पान मी बराच वेळ बघत बसले. रोटेशनल मोशनला दोन आठवड्यांच्या संध्याकाळी लागतील, फोटोला अर्धा तास. जर्नलच्या सह्या शिक्षक भेटले तर पाच मिनिटांत होतात, नाही भेटले तर आठवडा जातो. 'पुणे की गोवा' हे तर कामच नव्हे, तो पुढच्या काही वर्षांचा प्रश्न. आणि तो आजीच्या गोळ्यांच्या शेजारी, त्याच आकाराच्या अक्षरात उभा. पुस्तक उघडलं की ही दहाच्या दहा माणसं एकदम दारात येत असणार. मग कुणाला आधी आत घ्यायचं हे ठरवण्यातच तिचा जीव जात होता.

माणूस एका वेळी डोक्यात किती गोष्टी धरून ठेवू शकतो यावर मानसशास्त्रात पुष्कळ काम झालं आहे. जॉर्ज मिलर यांनी १९५६ साली सातच्या आसपासचा आकडा दिला होता. नेल्सन कोवन यांनी २००१ मध्ये तो खाली आणून चारच्या आसपास ठेवला. भाचीच्या पानावर दहा होत्या, आणि भौतिकशास्त्राचं एखादं गणित सोडवायलाच डोक्यात तीन-चार गोष्टी एकदम धराव्या लागतात. अर्धवट राहिलेलं काम मनातून जात नाही, हे ब्लूमा झायगार्निक या बाईंनी १९२७ सालीच मांडलं. मला त्याहून उपयोगी वाटतो तो मासिकॅम्पो आणि बाउमायस्टर यांचा २०११ चा अभ्यास. अपुरं काम टोचत राहतं हे खरं, पण ती टोचणी थांबायला काम संपावंच लागतं असं नाही, ते कधी आणि कसं करायचं हे नेमकं ठरलं तरी मन ते खाली ठेवतं, असं त्यांना आढळलं. म्हणजे दाखला आज हातात यायची गरज नाही. अमुक दिवशी आई कचेरीत जाणार हे पक्कं झालं, तर मुलीला त्या दाखल्याचा विचार करायचं कारण उरत नाही.

म्हणून त्या दुपारी मी ते पान फाडलं. भाचीला ते मुळीच आवडलं नाही. मग कात्री मागवली, एकेक ओळ सुटी केली आणि ओसरीवर बसून आम्ही पट्ट्या वाटल्या. फोटो, दाखला, सह्यांसाठी शिक्षकांना फोन, ओटीपी हे सगळं ताईपुढे. आजीच्या गोळ्या आठवीतल्या धाकट्या भावाकडे, आणि त्याने त्या कुरकुर न करता घेतल्या. अभ्यासाच्या तीन पट्ट्या तिच्यापुढे. उरल्या दोन, 'पुणे की गोवा' आणि 'स्वतःबद्दल २५० शब्द'. त्या मी माझ्या पर्समध्ये टाकल्या. म्हटलं, "हे आपण दोघी बोलू. आज नाही."

ताईने पट्ट्या उचलल्या तशी ती म्हणाली, "पण ते माझं काम ना?"

मुलांना असंच वाटतं, कारण आपणच त्यांना लहानपणापासून सांगतो, स्वतःचं स्वतः करायला शीक. एरवी मीही हेच सांगते. पण कचेरीतल्या खिडक्या, अपलोड न होणारे फोटो आणि अडकलेलं पेमेंट या गोष्टी बारावीच्या डिसेंबरातच शिकल्या पाहिजेत असं नाही. त्या पुढच्या जूनमध्येही शिकता येतात, आणि मुलं त्या पटकन शिकतात. त्या महिन्यांत घरातल्या मोठ्यांनी तिला म्हणायला हवं, कागद आमच्याकडे दे. एक गोष्ट मात्र आम्ही तिच्याकडेच ठेवली. फॉर्म पाठवण्याआधी प्रत्येक रकाना तिने स्वतः वाचायचा: नावाचं स्पेलिंग, जन्मतारीख, प्रवर्ग, निवडलेले विषय, परीक्षाकेंद्राचं शहर. सबमिटचं बटणही तिनेच दाबायचं. अर्ज तिचाच असतो, त्यात दुसऱ्याची चूक राहून चालत नाही.

ताईने कागद हातात घेतल्यावर एक गोष्ट लगेच समजली. केंद्राच्या नमुन्यातला ओबीसी नॉन-क्रिमीलेअर दाखला प्रवेशाच्या वेळी त्याच आर्थिक वर्षातला, म्हणजे १ एप्रिलनंतर काढलेला मागतात. डिसेंबरात धावाधाव करून काढलाच असता, तर तो एप्रिलात पुन्हा काढावा लागला असता. जे काम करताच येत नव्हतं, ते पोरीच्या छातीवर तीन-चार महिने आधीच येऊन बसलं होतं. कागदांची माहिती असलेल्या एका मोठ्या माणसाने यादीवर नजर टाकली असती तर ती ओळ तिथे आलीच नसती. वर्गातल्या मुलांच्या याद्या बघते तेव्हा अशा एक-दोन ओळी हमखास सापडतात. काही आजच्या असतात, काही एप्रिलच्या, काही जूनच्या, आणि मूल त्या सगळ्या एकाच रात्री वाहत असतं.

ओटीपीचंही तसंच. फॉर्ममध्ये बाबांचा नंबर दिलेला, आणि बाबा मालाचा ट्रक घेऊन रात्री बेळगावला निघालेले. चोर्ला घाटात रेंज जाते. इकडे ही लॅपटॉपपुढे बसून सेकंद मोजणार, ओटीपी येणार त्यांच्या फोनवर घाट ओलांडल्यावर, तोवर त्याची मुदत संपलेली. हे त्या वर्षी वारंवार झालं होतं आणि दर वेळी ती रडकुंडीला येऊन अभ्यासाला बसायची, म्हणजे नुसती बसायचीच. पुढच्या सगळ्या फॉर्मवर आम्ही ताईचा नंबर घातला, एक वेगळा ईमेल उघडला आणि दोन्ही पासवर्डांसकट फाइलच्या आतल्या बाजूला लिहून ठेवले. ती फाइल कपाटात, घरातल्या सोन्याच्या शेजारी.

तिच्या बाबांबद्दल थोडं लिहायला हवं, कारण आमच्या भागातल्या मुलांच्या डोक्यावरचं ओझं त्याशिवाय कळणार नाही. ते पूर्वी खाणीवर स्वतःचा ट्रक चालवायचे. २०१२ साली खाणी थांबल्या, पुढे सुरू झाल्या, आणि सर्वोच्च न्यायालयाने ८८ लिजांचं नूतनीकरण रद्द केल्यावर मार्च २०१८ मध्ये पुन्हा थांबल्या. डिचोली, सत्तरी, सांगे या तालुक्यांत घरांपुढे ट्रक उभे राहिले. पावसाळे गेले, टायरांभोवती गवत वाढलं, बँकेचे हप्ते थांबले नाहीत. कोणी ट्रक विकला, कोणी दुसऱ्याच्या ट्रकवर ड्रायव्हर म्हणून गेला. आज जी मुलं बारावीला किंवा कॉलेजात आहेत, ती त्या वेळी प्राथमिक शाळेत होती. जेवताना घरात काय बोललं जायचं, आई कोणती बांगडी घालायची बंद झाली, हे त्यांनी बघितलं आहे. त्यांना कोणी सांगितलेलं नाही की आता तुझ्या डिग्रीवर घर उभं राहायचं आहे. सांगावं लागतच नाही. फॉर्मची फी भरताना मुलगी बाबांच्या तोंडाकडे बघते, आणि एखाद्या विद्यापीठाच्या फीचा आकडा वाचून ती टॅब बंद करून टाकते.

त्या रविवारी रात्री बाबा घरी आले. हातपाय धुऊन जेवायला बसले आणि ताईने सगळं सांगितल्यावर, भाताचा घास हातात असतानाच म्हणाले, "फीचं मी बघून ठेवलंय. किती लागतील ते मला माहीत आहे. तू त्याचा विचार करू नको." पुढे त्यावर चर्चा नाही, काही नाही. भाचीने मान खाली घालून दोनदा भात घेतला. माझ्या कात्रीपेक्षा त्या तीन वाक्यांनी जास्त काम केलं असं मला मनापासून वाटतं. वडील मंडळींना मी हे नेहमी सांगते: पैशाची तजवीज असेल तर ती मुलाला तोंडाने सांगा. नसेल तर तेही सांगा, म्हणजे कर्ज, शिष्यवृत्ती, जवळचं कॉलेज असा विचार उजेडात करता येतो. बारावीचं मूल अंधारात आकडेमोड करतं तेव्हा ती नेहमी वाईटाकडेच जाते.

पर्समधली एक पट्टी मी काही दिवसांनी बाहेर काढली. एका खासगी विद्यापीठाला तिच्याकडून तिच्याबद्दल २५० शब्द हवे होते, इंग्रजीत. आमच्या गावांतली पुष्कळ मुलं चौथीपर्यंत सरकारी मराठी शाळेत असतात, पाचवीपासून इंग्रजी माध्यम. विज्ञान, गणित ती इंग्रजीत व्यवस्थित लिहितात. स्वतःबद्दल लिहायची वेळ आली की मात्र इंटरनेटवरची गुळगुळीत वाक्यं हाताशी येतात, मी मेहनती आहे, मला समाजासाठी काही करायचं आहे. भाचीने तसं लिहून खोडलं होतं, पुन्हा लिहिलं होतं, पुन्हा खोडलं होतं. मी तिला विठ्ठलापूरला देवळाकडे घेऊन गेले. वाळवंटीच्या काठावर बसलो आणि मी म्हटलं, लिहू नको, बोल. मराठीत, कोकणीत, कशातही. गेल्या वर्षात तू असं काय केलंस की जे दुसऱ्या कोणी केलं नसतं?

बराच वेळ काहीच नाही. मग म्हणाली, "आजीच्या गोळ्यांचं?" आजीला वाचता येत नाही. सकाळच्या आणि रात्रीच्या गोळ्या सारख्याच दिसायच्या, एकदा अदलाबदल झाली होती. हिने पुठ्ठ्याचा तक्ता करून त्यावर सूर्य आणि चंद्र काढले, प्रत्येक गोळीची रिकामी पट्टी तिथे चिकटवली, आणि पाण्याच्या भांड्यामागे तो टांगला. मग लक्षात आलं की आजीला संध्याकाळची गोळी सूर्याखाली शोधायची सवय लागली आहे, म्हणून तिसरं चित्र काढलं तुळशीपुढच्या दिव्याचं. हे सांगताना तिचा आवाज अगदी मोकळा होता. मी फोनवर रेकॉर्ड करून घेतलं. त्या रात्री तिने तेच इंग्रजीत उतरवलं आणि ते २५० शब्दांच्या वर गेलं, कापावं लागलं. ब्रिटनमधल्या विद्यापीठांसाठीच्या यूसीएएस या सामाईक अर्जात वर्षानुवर्षं एक सलग निबंध मागत असत. २०२६ च्या प्रवेशांपासून त्यांनी त्याचे तीन प्रश्न केले आहेत, एकूण मर्यादा तीच, ४००० अक्षरांची. तिकडे अर्ज करणाऱ्या माझ्या एका विद्यार्थ्याला हे बरंच सोपं गेलं. कोऱ्या पानाला उत्तर देता येत नाही, प्रश्नाला देता येतं.

अभ्यासाबद्दल मी कमीच बोलले, कारण ती अभ्यास करणारीच मुलगी. एवढंच केलं की 'रोटेशनल मोशन सगळं' या पट्टीच्या जागी रोज एक छोटी पट्टी आली: आज मोमेंट ऑफ इनर्शियाची दहा गणितं, आज टॉर्कची. 'सगळं' कधी खोडता येत नाही, दहा गणितं खोडता येतात. आणि वाचलेलं पुन्हा पुन्हा वाचण्याऐवजी पुस्तक मिटून आठवून लिहायचं. रोडिगर आणि कार्पिक यांनी २००६ साली दाखवलं की आठवडाभराने परीक्षा घेतली तर पुन्हा वाचणाऱ्यांपेक्षा आठवून लिहिणाऱ्यांच्या लक्षात जास्त राहतं. घाबरलेलं मूल मात्र वाचतच राहतं, कारण वाचताना सगळं येतंय असं वाटतं आणि तेवढाच जीवाला दिलासा.

झोपेसाठी मी भांडते. तेरा ते अठरा वयाला आठ ते दहा तास झोप हवी असं डॉक्टर सांगतात. सकाळची शाळा, दुपारी म्हापशाला ट्यूशन, अंधार पडल्यावर कदंबच्या बसने घरी, आणि मग पहाटे चारला उठवणारी आजी. पहाटेच्या अभ्यासाचं आपल्याकडे फार कौतुक. जो आठला झोपतो त्याने चारला जरूर उठावं, बाराला झोपणाऱ्याला उठवू नये. माझ्या वर्गात पहिल्या तासाला डुलक्या घेणारी मुलं आळशी नसतात, हे मी कुठल्याही पालकसभेत उभी राहून सांगेन.

दुसरी पट्टी, पुणे की गोवा. ती मी डिसेंबरात काढलीच नाही, जानेवारीतही नाही. कारण पसंतीक्रम भरायचे असतात निकालानंतर, जूनच्या सुमारास, हातात रँक आल्यावर. त्याआधी उत्तर द्यायला तिच्यापाशी काहीच नव्हतं. तरी जत्रेत भेटणारा प्रत्येक माणूस विचारायचा, "मग पुढे काय? पुण्याला ना?" आपुलकीने विचारतात लोक, पण रांगेत ओटी घेऊन उभ्या असलेल्या मुलीला तो प्रश्न दहाव्यांदा ऐकताना काय होतं ते मी तिच्या शेजारी उभी राहून पाहिलं आहे. आम्ही तिला एक उत्तर ठरवून दिलं, "निकाल लागला की सांगते हां काकी," आणि ताई लगेच विषय बदलायची.

माहिती मात्र मी जमवत होते. एनआयटींमध्ये निम्म्या जागा त्या त्या राज्याच्या मुलांसाठी असतात आणि तुमचं राज्य ठरतं ते बारावी कुठून केली त्यावर, त्यामुळे गोव्यातून बारावी झालेल्या मुलाला कुंकळ्ळीच्या एनआयटीत त्याचा फायदा मिळतो. फर्मागुढीला १९६७ पासून इंजिनिअरिंग कॉलेज आहे, तिथेच २०१६ पासून आयआयटीचे वर्ग भरतात. घर सोडलं तरच खरं शिक्षण, ही समजूत निदान आता तरी पुन्हा तपासून बघायला हवी. आणि कोणाला खरोखरच जायचं असेल तर आजी, आई, पैसा यांची भीती घालून त्याला अडवूही नये. जूनमध्ये ती पट्टी टेबलावर आली तेव्हा निम्मा निर्णय रँकने घेतलेला होता, उरलेला निम्मा तिने एका संध्याकाळी घेतला. ती आता फर्मागुढीला शिकते. खासगी विद्यापीठानेही तिला घेतलं होतं, तिथे ती गेली नाही.

पण पट्ट्या वाटून सगळ्यांचं भागत नाही, हे मला शिक्षिका म्हणून सांगावंच लागेल. एका वर्षी वर्गातला एक मुलगा आधी प्रात्यक्षिकांना यायचा बंद झाला, मग डबा न उघडताच परत न्यायला लागला, आणि एक दिवस मित्राला म्हणाला की मी नसलो तर घरच्यांचे पैसे तरी वाचतील. मित्र धावत माझ्याकडे आला, हे त्याने फार चांगलं केलं. असं बोलणं कानावर आलं की अर्ज, अभ्यास, बोर्ड सगळं बाजूला ठेवायचं आणि त्याच दिवशी हालचाल करायची, मुलाला एकटं सोडायचं नाही. गोव्यातल्या अनेक शाळांत शिक्षण विकास महामंडळामार्फत समुपदेशक येतात, आधी त्यांच्याकडे. बांबोळीला मानसोपचार संस्थेची ओपीडी आहे. टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा क्रमांक २०२२ पासून चालू आहे, दिवसरात्र, फुकट, आणि तिथे मराठीत बोलता येतं. जुलै २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने शंभर किंवा त्याहून जास्त विद्यार्थी असलेल्या संस्थांना समुपदेशक नेमायला सांगितलं आहे, तेव्हा पालकांनी शाळेला तसं विचारायला मुळीच संकोचू नये. त्या मुलाने ते वर्ष सोडलं, पुढच्या वर्षी परीक्षा दिली. त्याच्या आईने लोकांना काय सांगायचं म्हणून मला विचारलं होतं. मी म्हटलं, बरं नव्हतं म्हणून सांगा, कारण बरं नव्हतंच.

आता मी प्रत्येक वर्षी चतुर्थीनंतरच्या पालकसभेत अर्धा तास फक्त कागदांवर बोलते. यंदा सभा संपल्यावर सत्तरीकडचे एक गृहस्थ थांबले. सुपारीची बागायत, मुलगी आमच्याकडे बारावीला. म्हणाले, "टीचर, तुम्ही सांगता ते पटतं. पण आम्हांला इंग्लिश फॉर्म भरता येत नाही. मग आमचा काय उपयोग?"

मी त्यांना बसवलं. म्हटलं, फॉर्म शेजारचा कॉलेजातला मुलगा भरून देईल, नाही तर मी देईन. पण दाखल्यासाठी रांगेत उभं राहायला इंग्लिश लागत नाही. फोटो काढायला मुलीला सुट्टीच्या दिवशी घेऊन जायला लागत नाही, मूळ कागद आणि त्यांच्या झेरॉक्स वेगवेगळ्या ठेवायला लागत नाही. ज्या सिमवर ओटीपी यायचा त्याचा रिचार्ज संपू द्यायचा नाही, हे तर तुम्हीच करायचं. परीक्षेचं केंद्र आदल्या दिवशी बघून यायचं, बस किती वाजता सुटते ते विचारून ठेवायचं.

त्यांनी खिशातून डायरी काढली, बागायतीच्या हिशोबाची असावी, तीत एक पान उलटलं. "रहिवासी दाखला आमचा जुना आहे. तो चालेल?" तारीख बघावी लागेल, मी म्हटलं. "आणि बँकेचं पासबुक? मुलीच्या नावावर वेगळं लागेल?" शिष्यवृत्तीसाठी लागेल. मग मी खुर्ची ओढली आणि आम्ही वरपासून एकेक कागद लिहायला घेतला.